जुनी एमएक्स-५: आधी पत्रा, मग पाना

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडायला लावतो. इंजिन चकाचक दिसलं, पहिल्या चावीला सुरू झालं आणि सायलेन्सर जरा घुमला, की सौदा मनात ठरलेला असतो. मी असाच फसलो. माझ्या पहिल्या माझदा एमएक्स-५चं इंजिन आजही खणखणीत आहे, पण ते ज्या पत्र्यात बसलंय तो पत्रा दुरुस्त करायला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. म्हणून हा लेख खालून वर लिहितोय. आधी पत्रा, मग यंत्र, आणि हौस सगळ्यात शेवटी.

पहिली स्पोर्ट्स कार म्हणून एमएक्स-५च का? १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, दोनच सीट, उघडता येणारं छत आणि टनाच्या आसपास वजन. २०१६मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी बनली. इतक्या गाड्या बनल्यामुळे सुटे भाग मिळतात आणि चुका करून शहाणे झालेले मालकही भेटतात. जपानमध्ये सुरुवातीला ती युनोस रोडस्टर नावाने विकली गेली, अमेरिकेत मियाटा. पार्ट शोधताना तिन्ही नावांनी शोधा, कारण एकाच वस्तूची किंमत नावागणिक बदललेली दिसते.

पिढ्या चार. १९८९ ते १९९७ची एनए म्हणजे मिटणाऱ्या दिव्यांची. १९९८ ते २००५ची एनबी, मग एनसी आणि २०१५पासून एनडी. मी इथे पहिल्या दोघींबद्दल लिहितोय, कारण शिकाऊ माणसाच्या आवाक्यात त्याच येतात आणि दोघींचं बरंचसं सामान एकमेकींना चालतं.

बघायला जाण्याआधी

फोनवर विक्रेत्याला एकच गोष्ट निक्षून सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर हात मिळवण्याआधी बॉनेटवर तळवा ठेवा. पत्रा कोमट लागला तर गाडी आधीच तापवून ठेवलीय असं समजा आणि का तापवली ते विचारा. गाडीचा आजार थंड इंजिनच सांगतं. निळा धूर, अडखळणं, टकटक हे सगळं पहिल्या दोन मिनिटांतलं असतं.

सोबत न्यायचं सामान थोडंच आहे. टॉर्च, गुडघ्याखाली टाकायला जुनी चटई, फ्रिजवरचा चुंबक, एक फडकं आणि अर्धा लिटर पाण्याची बाटली. पाणी प्यायला नाही. ते कशाला, ते येईलच.

पत्रा

एमएक्स-५ गंजते ती दारांखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये. मागच्या चाकाच्या अगदी पुढचा भाग आधी जातो, आणि त्याचं मूळ छतात असतं. कापडी छतावरून आलेलं पावसाचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या भोकांतून खाली जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली पडतं. या नळ्यांत पानं, धूळ आणि छताच्या कापडाचे तंतू साचले की पाणी तुंबतं, सिलमध्ये उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बिस्किटासारखा झालेला असतो.

माझ्या गाडीचा पायाखालचा गालिचा घ्यायच्या दिवशीच ओलसर होता. विक्रेता म्हणाला, "काल धुतली, काच थोडी उघडी राहिली." मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. दोन महिन्यांनी छत खाली करून त्या कोपऱ्यात कपभर पाणी ओतलं, तर खाली एक थेंब पडेना. गवत कापायच्या यंत्रातली जाड प्लास्टिकची दोरी हळूहळू आत सारली, फिरवली, ओढली. आधी काळा चिखल आला, मग गुडगुड आवाज करत एकदम इतकं पाणी आलं की मी ओतलेलं त्यापुढे काहीच नव्हतं. त्या पाण्याचा रंग चहासारखा होता. सिलचा हिशेब मला तेव्हाच कळला.

पाण्याची बाटली त्यासाठी. विक्रेत्याची परवानगी घ्या, छत खाली करा, दोन्ही बाजूंना थोडं थोडं पाणी ओता आणि वाकून खाली बघा. पाणी लगेच पडलं तर उत्तम. आधीचा मालक काळजी घेणारा होता, याची ही कुठल्याही पावतीपेक्षा बरी खूण आहे.

मग चुंबक. फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही, आणि सिलवरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून सावकाश फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याच्या जागी लांबी (रंगाआधी भरतात ती पुट्टी) भरलीय. ताजा काळा जाड थर फासलेला दिसला तर जास्तच संशय घ्या, कारण खाली काय आहे ते लपवायलाच बहुतेक वेळा तो फासतात.

एनबी बघत असाल तर पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूने जाणारे मुख्य दांडे तपासा. त्यांच्या पुढच्या टोकाला पत्र्याचे दोन थर आहेत आणि गंज त्या दोहोंच्या मधे वाढतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांत फिरलेल्या गाड्यांना हा रोग हमखास. हा भाग गाडीचा कणा आहे. तो कुजला असेल तर सरळ घरी परता.

डिकीही उघडा. या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि मूळ बॅटरी बंद प्रकारची, वाफ बाहेर सोडणाऱ्या नळ्यांची होती. कुणी साधी बॅटरी बसवली असेल तर तिच्या वाफेने खालचा पत्रा खाल्लेला सापडतो.

यंत्र

इथे मी पत्र्याइतका वेळ घालवणार नाही, कारण ही इंजिनं दणकट आहेत आणि बिघडली तरी बदलता येतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. बेल्ट बदलताना तिथला बोल्ट नीट कसला गेला नाही, तर पुली कणाकणाने हलत राहते, पुलीला क्रँकशाफ्टशी जखडणाऱ्या चावीची (छोट्या लोखंडी पाचरीची) खाच झिजते, टायमिंग म्हणजे व्हॉल्व्ह आणि ठिणगीची वेळ सरकते आणि शेवटी क्रँकच बाद होतो. ओळखायचं कसं? पुढच्या पुलीत ४ खाचा असतील तर टोक आखूड, ८ असतील तर लांब. आखूड टोकाची गाडी वाईटच असते असं नाही, कित्येक अजून सुखाने पळताहेत. इंजिन चालू ठेवून पुलीकडे बघा. ती डगमगत फिरताना दिसली तर नमस्कार करून निघा.

सुरू केल्यावर वरून शिवणयंत्रासारखी टकटक आली तर घाबरू नका. एनएमधले हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे, बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत वाजतातच. इंजिन तापलं किंवा ऑइल बदललं की बहुधा गप्प होतात. घासाघीस करताना मात्र ही टकटक उपयोगी पडते, तेव्हा चेहरा गंभीर ठेवा.

रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी नवी असताना काळी असते. ती हिरवट-तपकिरी पडली असेल तर कधीही तडकेल. गाडी तापून हेडगॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ठोकळा यांमधली सीलपट्टी) जाण्याची सुरुवात बऱ्याचदा इथून होते. ऑइल प्रेशरच्या काट्याबद्दलही एक गंमत सांगतो. सुरुवातीच्या गाड्यांत हा काटा खराखुरा आहे, ॲक्सिलरेटरबरोबर वरखाली होतो. १९९५पासूनच्या गाड्यांत तो मधोमध जाऊन खिळतो आणि दाब आहे की नाही एवढंच सांगतो. तेव्हा "बघा, प्रेशर किती स्थिर आहे" असं कुणी कौतुकाने दाखवलं तर गाडीचं साल बघा.

चालवताना दुसऱ्या गिअरवर लक्ष ठेवा. थंड असताना तो अडतो, ही या गिअरबॉक्सची जुनी खोड आहे. तापल्यावरही करकरत असेल तर सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलेत. क्लच खूप खाली जाऊन पकडत असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला, क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. तो स्वस्त आहे, पण बदलताना वरचा, पेडलपाशी दाब तयार करणारा मास्टर सिलिंडरही बदला. एकच बदलला तर नव्याच्या दाबाने जुना काही आठवड्यांत गळायला लागल्याचं मी दोनदा पाहिलंय. शेवटी चढावर हँडब्रेक ओढून बघा. तो का धरत नाही ते पुढे सांगतो.

घरी आणल्यावर

पहिला महिना हौसेला हात लावायचा नाही. आधी गाडी मूळ होती तशी करायची, मग आपल्याला हवी तशी. काय बिघडलंय हे माहीत नसताना केलेला प्रत्येक बदल दोष शोधणं अवघड करतो. गाडी एका बाजूला ओढतेय ती जुन्या बुशमुळे (सस्पेन्शनच्या जोडांतल्या रबरामुळे) की नव्या स्प्रिंगमुळे, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

गाडीखाली काम करताना वजन स्टँडवरच ठेवा, जॅकवर कधीही नाही. यात सूट नाही, "दोन मिनिटांचं काम" असलं तरी नाही.

सगळी ऑइलं बदला. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचं) ऑइल काढताना आधी वरचा, भरण्याचा नट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा, रिकामा करण्याचा नट सोडा. उलटं केलंत आणि वरचा नट जाम निघाला, तर ऑइल नसलेली गाडी घेऊन बसाल. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल घाला. डिफरन्शियलला जीएल-५ लागतं, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं सिंक्रोच्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं असेल तर तेही आत्ताच बदला. गाडी चालवताना गिअरपाशी गरम हवा येते ती तिथूनच.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा पट्टा, सुमारे १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो. तीन दशकं जुन्या गाडीत आकड्यापेक्षा वय महत्त्वाचं. लेखी पुरावा नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा आणि त्याबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटरपंप, पुढची सीलं सगळं एकदमच उरका, कारण तिथवर पोचायचीच मेहनत मोठी आहे. दिलासा एवढाच की एनएच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात थांबते, इंजिन वाचतं.

आता इंजिनाच्या मागच्या बाजूची ऑइलगळती, कारण यात नवख्यांचे सर्वाधिक पैसे जातात. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ऑइल दिसलं की गॅरेजवाला म्हणतो, "मागचं मेन सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं. कधी कधी ते खरंही असतं. पण त्याआधी हेडच्या मागच्या टोकाला हात घाला. तिथे कॅम अँगल सेन्सर नावाचा मुठीएवढा डबा बसवलेला आहे आणि त्याचं रबरी ओ-रिंग वयाने प्लास्टिकसारखं कडक होतं. तिथून झिरपलेलं ऑइल हेडच्या पाठीवरून खाली येतं आणि थेट मेन सील गळल्यासारखंच दिसतं. ओ-रिंग चिल्लरच्या भावात येतं. अडचण बोल्टची आहे. तो १२च्या पान्याचा, इंजिन आणि मागची भिंत यांच्या बोळात लपलेला, दिसत नाही, चाचपडूनच शोधावा लागतो. सोडवण्याआधी सेन्सर आणि हेड यांवर मिळून एक सरळ खूण ओढा, कारण हाच डबा फिरवून इग्निशनचं टायमिंग ठरतं. काढा, जुनं ओ-रिंग ब्लेडने कापा, खोबण पुसा, नव्याला ऑइलचा हात लावून चढवा, खूण जुळवून बसवा. माझी पहिल्या वेळी पाऊण दुपार आणि दोन बोटांची सालटी गेली. दुसऱ्या वेळी वीस मिनिटं लागली.

हँडब्रेकचं कोडं मागच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या चकतीला पकडणाऱ्या चिमट्यात आहे. बरेच जण केबल ताणत बसतात. कॅलिपरच्या मागे १४च्या पान्याचा एक झाकणासारखा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन की बसते. चाक फिरेनासं होईपर्यंत ती आवळा, मग सुमारे एक-तृतीयांश फेरा सैल सोडा. दोन्ही बाजूंना हेच करा. यानेही फरक पडला नाही आणि कॅलिपरचा, केबल ओढते तो हात स्वतःहून परत येत नसेल, तर आत गंज चढलाय. ते नव्याने बांधून घ्या.

आता हौस

इथे माझं मत बऱ्याच जणांना रुचत नाही: ताकद वाढवणं यादीत सगळ्यात खाली ठेवा. या गाडीची मजा कमी ताकद पूर्णपणे वापरण्यात आहे.

पहिला बदल टायर. बाजूला चार आकडी तारीख असते. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा ३२वा आठवडा. खाचा नव्यासारख्या असल्या तरी दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर साबणासारखं वागतं. एनएचं मूळ माप १८५/६० आर १४, चाकाचे बोल्ट चार आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. १५ इंची हलकी चाकं छान जमतात. १७ इंची जड चाकं फोटोत छान जमतात.

दुसरा बदल बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर. चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरणारे वर-खालचे दांडे) आहेत आणि त्यांत रबरी बुश भरपूर. ते मेलेले असताना वरून महागडे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच) बसवणं म्हणजे मोडक्या खाटेवर नवी गादी. बुश बदलल्यावर बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण कसू नका. चाकं जमिनीवर, गाडी आपल्या वजनावर बसलेली असताना शेवटची आवळणी करा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवण्याचे) लांब बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असू शकतात, तेव्हा अलाइनमेंटची वेळ घेण्याआधी ते फिरतात का ते घरीच बघून ठेवा.

गाडी किती खाली घ्यायची? दिसतं त्यापेक्षा कमी. एनएच्या सस्पेन्शनला खाली जायला जागाच थोडी आहे. फार खाली घेतली की ती बंप स्टॉपवर (सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) टेकून चालते आणि प्रत्येक खड्डा पाठीत कळवते. उंची चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत मोजा, म्हणजे टायर बदलला तरी आकडा बदलत नाही. पुढे १ डिग्रीच्या आसपास निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं) आणि मागे त्याहून किंचित जास्त, इथून रस्त्यावरच्या गाडीला चांगली सुरुवात होते.

ट्रॅकवर जायचं असेल तर रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळीची कमान) आधी, बाकी सगळं नंतर. त्याला जाड पॅडिंग हवंच आणि बसल्यावर डोकं बारच्या वरच्या कडेखाली राहायला हवं. उंच माणसांना यासाठी सीट खाली घ्यावी लागते. असे बदल विम्यात आणि गाडीच्या नोंदणीत कळवावे लागतात का, हे बार विकत घेण्याआधी विचारा.

टर्बोचं (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या पंख्याचं) वेड लागलंच, तर दोन गोष्टी ठाऊक असू द्या. १.६च्या गाडीतलं डिफरन्शियल लहान आहे, १.८चं मोठं. मोठं बसवायचं तर बाजूचे ॲक्सल आणि मधला प्रॉपेलर शाफ्टही त्याच्यासोबतचे लागतात. दुसरी गोष्ट पाण्याची. हे इंजिन मुळात आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझदांच्या घराण्यातलं. उभं बसवताना थर्मोस्टॅट (पाण्याचा प्रवाह तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह) पुढच्या टोकाला आला आणि मागच्या सिलिंडरांभोवतीचा पाण्याचा प्रवाह कमी झाला. रोजच्या वापरात हे कळतही नाही, पण ताकद वाढवून ट्रॅकवर पिळलं की मागचे सिलिंडर जास्त तापतात. म्हणून जाणकार आधी कूलंटचा, म्हणजे या थंड करणाऱ्या पाण्याचा मार्ग बदलतात आणि मग टर्बोकडे वळतात.

उघड्या एअर फिल्टरबद्दल एवढंच. एअरबॉक्स, म्हणजे मूळ फिल्टरचा डबा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्याच (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्याच) बाजूला आहे. डबा काढून तिथे नुसता शंकू लावला की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं. आवाज मात्र झकास येतो; मीही त्या आवाजासाठी लावला होता. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपून ठेवा. पुढचा खरेदीदार तो मागेलच. माझ्या खोक्यातून सगळ्यात आधी बाहेर आला तो एअरबॉक्स, आणि तो परत गाडीवर गेला.